पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनाचं जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे कसं शोधायचं?

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बीएस्सी, एमएस्सी किंवा डीएमएलटी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. सिकलसेलमुळे 'जनुक' हा शब्द आपल्याकडे गावोगावी पोचला. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातल्या शाळकरी पोरांनाही 'वाहक' आणि 'ग्रस्त' यांतला फरक सांगता येतो. पण सिकलसेलचं जनुक ११व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे हे ठरलं कसं, असं विचारलं की वर्ग शांत होतो. जनुकाचा पत्ता काढणं हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांचं काम, अशी आपली समजूत असते. माझ्या मते या कामाचा निम्म्याहून अधिक भाग कागद, पेन्सिल आणि मोबाइलवर होतो. उरलेला भाग काय असतो, तेही नीट कळलं पाहिजे, नाहीतर मोबाइलवर दिसणाऱ्या पत्त्याचा अर्थ लागत नाही.

उदाहरण म्हणून मी पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं घेते आहे. यांच्यावर अँटिबॉडी (ठरावीक खुणेलाच चिकटणारं प्रथिन) बसवता येते, पेशी न फोडता ती ओळखता येतात, आणि त्यांतल्या बिघाडाने होणारे आजार आपल्या दवाखान्यांतही येतात. संपूर्ण लेखात एकच अट पुन्हा पुन्हा दिसेल: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटांनी तोच पत्ता आला, तरच तो वहीत लिहायचा.

आधी कारण समजून घ्या

आशाताई नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. घरोघरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून उभी राहिली. या भेटींत नाळही पाहिली जाते. बहुतेक बाळांची नाळ एक-दोन आठवड्यांत गळून पडते. उशिरा गळणारी सगळीच बाळं आजारी नसतात, बरीचशी ठणठणीत असतात. पण नाळ तीन-चार आठवडे तशीच राहिली, तिथे जंतुसंसर्ग झाला, जखम आहे पण पू नाही, आणि रक्तात पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र खूप चढलेला, असं सगळं एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञ सीडी१८ या प्रथिनाचा विचार करतात.

सीडी१८ पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून ठेवायला मदत करतं. ते नसलं की पेशी रक्तातच फिरत राहतात, बाहेर पडून जखमेपर्यंत पोचत नाहीत. म्हणून रक्तात आकडा जास्त आणि जखमेत पू नाही. या आजाराच्या तीव्र प्रकारात सीडी१८ चं प्रमाण निरोगी माणसाच्या २ टक्क्यांपेक्षाही कमी असतं. त्याचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे लिंगगुणसूत्रावर नाही. त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही धोका सारखाच, आणि आई-वडील दोघंही वाहक असावे लागतात. मामे-आते भावंडांत लग्न होणाऱ्या घरांमध्ये ही माहिती महत्त्वाची ठरते.

याच्या उलट सीडी४० लायगँड या दुसऱ्या पृष्ठभाग प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तिथे वाहक आईकडून मुलाला आजार होतो, आणि मावशीलाही तपासावं लागतं. कुटुंबात कोणाला बोलवायचं, कोणाला धीर द्यायचा, हे जनुकाच्या पत्त्यावरून ठरतं. इतकं कारण पुरेसं आहे.

पहिली पायरी: नाव पक्कं करा

सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. १९७५ साली क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तितकी बनवण्याची रीत दाखवली. मग प्रत्येक प्रयोगशाळेने पांढऱ्या पेशींविरुद्ध आपापल्या अँटिबॉडी काढल्या आणि आपापली नावं दिली. तो पसारा आवरायला १९८२ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि 'सीडी' क्रमांक सुरू झाले. आज हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत.

पण सीडी क्रमांक म्हणजे जनुकाचं नाव नाही. जनुकांची अधिकृत नावं एचजीएनसी ही समिती ठरवते. सीडी१८ चं जनुक आयटीजीबी२. सीडी२० चं एमएस४ए१. सीडी४५ चं पीटीपीआरसी. सीडी२१ चं सीआर२. सीडी४ आणि सीडी१९ यांची मात्र जनुकंही त्याच नावाची. वहीत पहिल्या पानावर दोन रकाने आखा: डावीकडे सीडी क्रमांक, उजवीकडे जनुकाचं अधिकृत नाव. पुढचा सगळा शोध उजव्या रकान्यातल्या नावाने करायचा.

दुसरी पायरी: पत्ता वाचायला शिका

सीडी१९ चा पत्ता १६पी११.२ असा लिहितात. शेतीच्या सातबाऱ्यावर तालुका, गाव, गट क्रमांक असा मोठ्याकडून लहानाकडे पत्ता जातो, तसंच हेही वाचायचं. १६ हा गुणसूत्राचा क्रमांक. पी म्हणजे आखूड बाहू, क्यू म्हणजे लांब बाहू. पुढचा १ हा विभाग, त्यापुढचा १ हा त्या विभागातला पट्टा, आणि बिंदूनंतरचा २ हा उपपट्टा. म्हणून 'अकरा पॉइंट दोन' न म्हणता 'एक एक पॉइंट दोन' म्हणा. मोजणी मधल्या आवळलेल्या भागापासून, म्हणजे सेंट्रोमिअरपासून, टोकाकडे जाते. त्यामुळे १६पी११ हे सेंट्रोमिअरजवळ, आणि २१क्यू२२.३ हे लांब बाहूच्या अगदी टोकाला.

एक सराव करून बघा. सिकलसेलचं बीटा ग्लोबिन ११पी१५.४ वर आहे आणि टी पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीडी३ ची जनुकं ११क्यू२३.३ वर. गुणसूत्र एकच, पण दोघं विरुद्ध बाहूंवर आणि टोकांच्या बाजूला. कागदावर ११वं गुणसूत्र काढा आणि दोन्ही जागा खुणेने दाखवा. हे जमलं की ही पायरी झाली.

तिसरी पायरी: मोबाइलवरून पत्ता काढा

एनसीबीआय या अमेरिकी सरकारी माहितीकेंद्राच्या संकेतस्थळावर 'जीन' या विभागात जनुकाचं अधिकृत नाव टाका आणि मानवाची नोंद निवडा. हे पान बहुतांश मजकुराचं असल्याने कमी नेटवर्कमध्येही उघडतं. मग युसीएससी या अमेरिकी विद्यापीठाचा जीनोम ब्राउझर उघडा, त्यात माणसाचा सगळा डीएनए, म्हणजे जीनोम, गुणसूत्रांनुसार दिसतो. तो चित्रांचा असल्याने वेळ घेतो, दुपारपेक्षा सकाळी लवकर बसलेलं बरं. दोन्ही मोफत आहेत.

पट्ट्याशेजारी बेसचे (डीएनएतल्या अक्षरांचे) मोठे आकडे दिसतील. ते उतरवताना जीनोमची आवृत्ती लिहिलीच पाहिजे. आयटीजीबी२ हे जनुक जीआरसीएच३७ या आवृत्तीत २१व्या गुणसूत्रावर सुमारे ४ कोटी ६३ लाख क्रमांकाच्या बेसपाशी आहे. २०१३ मध्ये आलेल्या जीआरसीएच३८ मध्ये तेच जनुक सुमारे ४ कोटी ४९ लाखांवर दिसतं. जनुक कुठेही हललेलं नाही, मोजपट्टी सुधारली. आवृत्ती न लिहिता नुसता आकडा लिहिला तर तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

यानंतर जनुकाच्या एमआरएनएचा (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या प्रतीचा) क्रम कॉपी करून ब्राउझरच्या 'ब्लॅट' या साधनात टाका. आयटीजीबी२ चा क्रम २१व्या गुणसूत्रावर पूर्ण जुळतो, आणि तुकड्यातुकड्यांत जुळतो. मधल्या रिकाम्या जागा म्हणजे इंट्रॉन, एमआरएनए बनताना कापून टाकलेले जनुकाचे भाग. एखादा क्रम दुसऱ्या गुणसूत्रावर सलग, इंट्रॉनशिवाय जुळताना दिसला तर सावध व्हा. ती बहुतेक वेळा एमआरएनएवरून उलट बनून जीनोममध्ये शिरलेली निकामी प्रत असते. सीडी२४ याचं उत्तम उदाहरण आहे. खरं जनुक ६क्यू२१ वर आहे, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या निकामी प्रती इतरत्र आहेत, आणि त्यांतली एक वाय गुणसूत्रावर आहे. जीआरसीएच३७ मध्ये ६व्या गुणसूत्रावरची ती जागाच नीट भरलेली नव्हती, म्हणून सीडी२४ वाय गुणसूत्रावर दाखवलं जाई. वाय गुणसूत्र नसलेल्या बायकांच्या पेशींवरही सीडी२४ असतं, एवढा साधा विचार केला तरी तो पत्ता संशयास्पद वाटायला हवा होता.

इथे वर्गात हमखास प्रश्न येतो: "मॅडम, मोबाइलवरच सारं दिसते, मंग कागद कायले पाह्यजे?" सीडी२४ हेच त्याचं उत्तर आहे. ब्राउझरवरचा पत्ता कोणीतरी, कुठल्यातरी पुराव्यावरून भरलेला असतो. तो पुरावा कसा तयार होतो हे माहीत नसेल तर चुकलेला पत्ता ओळखता येत नाही.

चौथी पायरी: संकर पेशींचा तक्ता स्वतः सोडवा

जीनोमचा क्रम हाती नव्हता तेव्हा बहुतेक पृष्ठभाग प्रथिनांची जनुकं या रीतीने गुणसूत्रांवर बसवली गेली. माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकत्र जुळवली तर एक संकर पेशी तयार होते. वाढत जाताना ती माणसाची गुणसूत्रं एकेक करून गमावते, उंदराची मात्र टिकवते. कोणती गुणसूत्रं राहतील ते बरंचसं नशिबावर असतं, म्हणून प्रत्येक क्लोनमध्ये (एकाच संकर पेशीपासून वाढलेल्या पेशींच्या समूहात) वेगळा संच उरतो. मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६७ मध्ये या गळतीचा उपयोग जनुकाची जागा शोधायला करून दाखवला.

आता प्रत्येक क्लोनला दोन प्रश्न विचारायचे. अँटिबॉडी बसते का? माणसाची कोणकोणती गुणसूत्रं उरली आहेत? सरावासाठी मी एक कल्पित तक्ता बनवला आहे. अँटिबॉडी सीडी१८ विरुद्धची आहे असं समजा.

| क्लोन | अँटिबॉडी | उरलेली मानवी गुणसूत्रं |
|---|---|---|
| क | बसते | ४, ७, ११, २१, एक्स |
| ख | बसते | २, २१, एक्स |
| ग | बसत नाही | ४, ७, ११, एक्स |
| घ | बसते | ७, ११, १६, २१, एक्स |
| च | बसत नाही | २, ७, १६, एक्स |
| छ | बसत नाही | ४, ११, १६, एक्स |

एकेक गुणसूत्र घ्या आणि विसंगती मोजा. अँटिबॉडी बसते पण गुणसूत्र नाही, ही एक विसंगती. अँटिबॉडी बसत नाही पण गुणसूत्र आहे, हीही एक विसंगती. ११व्यासाठी ख, ग, छ असे तीन क्लोन विसंगत येतात. २ साठी क, घ, च. ७ साठी ख, ग, च. ४ आणि १६ साठी प्रत्येकी चार. २१ साठी एकही नाही. म्हणून जनुक २१वर.

एक्सचा रकाना बघा, तो सगळ्याच क्लोनमध्ये आहे. हा योगायोग नाही. जुळलेल्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी हॅट नावाचं माध्यम वापरतात. उंदराच्या पेशीत एचपीआरटी हे विकर (एन्झाइम) नसेल तर या माध्यमात ती मरते, आणि माणसाकडून आलेलं एचपीआरटीचं जनुक असलं तरच जगते. ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून जगलेल्या प्रत्येक क्लोनमध्ये एक्स असणारच. अशा तक्त्यावरून एक्सबद्दल काहीच ठरवता येत नाही. एक्स तपासायचं असेल तर ६-थायोग्वानिन टाकून एक्स गमावलेल्या पेशी निवडायच्या आणि त्यांवर अँटिबॉडी अजून बसते का ते पाहायचं.

आता आपल्या निष्कर्षाची कसोटी घ्या. सहा क्लोन पुरेसे आहेत का? एखादं असंबंधित गुणसूत्र प्रत्येक क्लोनमध्ये असण्या-नसण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली तर सहाही ठिकाणी ते योगायोगाने जुळण्याची शक्यता ६४ मध्ये १. पण तपासायची इतर गुणसूत्रं २३ आहेत. त्यांतलं एखादं तरी योगायोगाने पूर्ण जुळेल, याची शक्यता जवळपास ३० टक्के निघते. इतक्या कच्च्या पायावर पत्ता लिहिता येत नाही. पंधरा क्लोन घेतले तर हीच शक्यता एक टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी होते. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, त्याला बारावीचं गणित पुरतं.

दोन प्रकारच्या विसंगतींना सारखं वजन देऊ नका. अँटिबॉडी बसते पण गुणसूत्र नाही, ही विसंगती त्या गुणसूत्राला जवळपास बाद करते. फक्त त्याचा एखादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून लपलेला नाही ना, हे बघावं लागतं. याउलट अँटिबॉडी बसत नाही पण गुणसूत्र आहे, याला बरीच कारणं असू शकतात. गुणसूत्र तुटलं असेल, किंवा फार थोड्याच पेशींत उरलं असेल. आणि पांढऱ्या पेशींच्या बाबतीत एक मोठं कारण असतं, त्यावर जरा थांबते.

संकर पेशी बनवताना उंदराची फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेसारख्या ऊतीतली पेशी घेतली, तर माणसाचं सीडी१८ जनुक आत असूनही प्रथिन बनणार नाही. फायब्रोब्लास्ट ते जनुक वाचतच नाही. म्हणून या कामासाठी जोडीदारही पांढऱ्या पेशींच्या घराण्यातलाच घ्यावा लागतो. टी पेशींच्या प्रथिनांसाठी बीडब्ल्यू५१४७ ही उंदराच्या थायमसच्या गाठीतली पेशीवाण खूप वापरली गेली. जुना शोधनिबंध वाचताना उंदराची पेशी कोणती होती, हे सगळ्यात आधी शोधा. ते चुकीचं असेल तर पुढचा तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

उरलेली गुणसूत्रं ओळखायची कशी? उंदराची ४० गुणसूत्रं सगळी एका टोकाला सेंट्रोमिअर असलेली असतात, त्यामुळे मधोमध आवळलेलं माणसाचं गुणसूत्र सूक्ष्मदर्शकात चटकन वेगळं दिसतं. लहान गुणसूत्रांसाठी पट्ट्यांचं रंजन लागतं. शिवाय ज्यांचा पत्ता आधीच पक्का आहे अशी विकरं तपासतात: एसओडी१ विकराची मानवी जात सापडली तर २१वं गुणसूत्र हजर आहे असं समजतं.

सीडी१८ चा खरा इतिहासही असाच घडला. हे प्रथिन एकटं नसतं. सीडी११ए, सीडी११बी, सीडी११सी यांपैकी एका साखळीशी जोडी करूनच ते पेशीवर येतं. १९८६ मध्ये नाळ न गळणाऱ्या याच आजाराच्या रुग्णांच्या पेशी संकरात वापरून सीडी१८ ची साखळी २१वर आणि सीडी११ए ची १६वर बसवली गेली. रुग्णाच्या पेशीत सीडी११ए बनत होतं, पण जोडीदार नसल्याने ते बाहेर येत नव्हतं. संकरात उंदराचा जोडीदार मिळाल्यावर माणसाचं सीडी११ए पेशीवर दिसू लागलं. दोष नेमका कोणत्या साखळीत आहे, हे त्यातून सिद्ध झालं. १९८८ मध्ये तिन्ही सीडी११ साखळ्यांची जनुकं १६व्याच्या आखूड बाहूवर शेजारी-शेजारी असल्याचं दिसलं. गुणसूत्राचा पत्ता आणि आजाराचं कारण दोन्ही एकाच प्रयोगमालेतून हाती आली. या विषयातलं मला सर्वांत आवडणारं काम हेच.

पाचवी पायरी: अँटिबॉडी नेमकी कशाला धरते?

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतच नाहीत. सीडी१५ ची अँटिबॉडी प्रथिनाला धरत नाही, साखरेच्या साखळीला धरते. ती साखर बसवणारं विकर वेगळ्या जनुकातून येतं. म्हणून संकर पेशींच्या तक्त्यातून जो पत्ता निघतो तो साखर बसवणाऱ्या विकराचा, एफयूटी४ या जनुकाचा, ११क्यू२१ चा. तक्ता बरोबर असतो, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

एकाच जनुकाची दोन रूपंही असतात. सीडी४५आरए आणि सीडी४५आरओ यांच्यासाठी वेगवेगळ्या अँटिबॉडी मिळतात, त्या वेगवेगळ्या पेशींवर बसतात, पण दोन्ही रूपं १व्या गुणसूत्रावरच्या त्याच पीटीपीआरसी जनुकातून येतात, फक्त एमआरएनए वेगळा कापला-जोडला जातो. उलट सीडी१६ ला एकच क्रमांक आहे, पण जनुकं दोन आहेत, एफसीजीआर३ए आणि एफसीजीआर३बी, दोन्ही १क्यू२३ वर. आणि सीडी९९ चं उदाहरण तर अजूनच निराळं. १९८३ मध्ये पीटर गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी १२ई७ या अँटिबॉडीने दाखवलं की ते एक्सवरही आहे आणि वायवरही. त्या दोन गुणसूत्रांच्या टोकाला एकसारखा भाग असतो, जनुक तिथे बसलं आहे. तक्त्यात दोन गुणसूत्रं जुळली म्हणजे चूकच झाली असं लगेच मानू नका.

सहावी पायरी: गुणसूत्रावर प्रत्यक्ष ठिपका पाहा

ही पायरी तालुक्याच्या कॉलेजात पूर्ण होत नाही. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक लागतो. पण स्लाइड बनवण्यापर्यंतचं काम शिकता येतं, आणि नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणी पुढे शिकायला गेलात तर हे आधी हाताला असलेलं कामी येतं.

कोणाचंही रक्त घेण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि त्या व्यक्तीची लेखी संमती हवी. संमतीचं बोलणं माणसाला समजेल अशा भाषेत करायचं, मग ती माडिया असो, कोरकू असो की वऱ्हाडी. शिबिरात सिकलसेलसाठी घेतलेल्या रक्तातून 'थोडं आपल्यालाही' काढून घ्यायचं नाही.

रक्त हेपॅरिनच्या हिरव्या टोपीच्या नळीत घ्या. जांभळ्या टोपीच्या ईडीटीएमधलं रक्त सीबीसी आणि डीएनएसाठी चालतं, पण वाढवायच्या पेशींसाठी नको. नळी बर्फात ठेवू नका. मे महिन्यात एसटीने पाठवायची असेल तर थर्माकोलच्या डब्यात थंड जेल पॅक ठेवा, पण नळी आणि पॅक यांच्यात कापडाची जाड घडी असू द्या. एक-दोन दिवसांत पोचली पाहिजे.

मग माध्यम, सीरम आणि पीएचए घालून ७२ तास ३७ अंशांवर पेशी वाढवतात. पीएचए राजम्याच्या दाण्यातून काढतात, ते टी पेशींना विभाजनाला लावतं. मधे लाईट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघायचा मोह आवरा, आतली ऊब बराच वेळ टिकते. शेवटच्या अर्ध्या-एक तासात कोल्सेमिड घालून विभाजन अडवायचं, मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवायच्या, आणि तीन भाग मिथेनॉल व एक भाग ॲसिटिक ॲसिड यांच्या ताज्या मिश्रणात स्थिर करायच्या. मिथेनॉल आणि कोल्सेमिड दोन्ही विषारी आहेत, हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

आता थेंब टाकणं. पुस्तकात एका ओळीत येणारी ही कृती आपल्या हवेत सगळ्यात जास्त त्रास देते. गुणसूत्रं पसरतात ती स्थिर करणारं द्रव सुकत असताना. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरची हवा इतकी कोरडी असते की थेंब काचेवर पडताच सुकतो आणि गुणसूत्रं एकमेकांवर गठ्ठ्याने राहतात. सूक्ष्मदर्शकात काळपट गोळा दिसतो, मोजता काहीच येत नाही. अशा दिवसांत खोलीत कूलर चालू ठेवा, पण स्लाइडवर थेट झोत येऊ देऊ नका. ओल्या टॉवेलवर स्लाइड ठेवून थेंब टाकला तरी फरक पडतो. पावसाळ्यात उलट होतं, थेंब सुकायला वेळ लागतो, गुणसूत्रं इतकी पांगतात की एका पेशीची दुसरीत मिसळतात. तेव्हा स्लाइड किंचित कोमट करून घ्या. खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा काम सर्वांत सोपं जातं. भिंतीवर साधा आर्द्रतामापक लावा आणि प्रत्येक स्लाइडसोबत त्याचा आकडा लिहा. पहिली स्लाइड रंगवण्याआधी फेज काँट्रास्टमध्ये बघा, ४६ मोजता येत असतील तरच पुढच्या टाका.

पुढे फिश, म्हणजे चमकणाऱ्या डीएनएने जनुकाची जागा गुणसूत्रावर दाखवण्याची रीत. जनुक ज्यात आहे असा साधारण दीड-दोन लाख बेसचा डीएनएचा तुकडा घेतात, त्याला चमकणारा रंग जोडतात, स्लाइडवरचा डीएनए तापवून उलगडतात आणि रात्रभर ३७ अंशांवर दोघांना जुळू देतात. आयटीजीबी२ साठी २१व्या गुणसूत्राच्या जोडीवर, लांब बाहूच्या टोकाला ठिपके दिसले पाहिजेत, आणि प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही धाग्यांवर. एकाच धाग्यावरचा ठिपका कचराही असू शकतो. २१ आणि २२ ही दोन्ही गुणसूत्रं लहान आणि दिसायला सारखी. म्हणून २१व्याची ओळख पटवणारा, दुसऱ्या रंगाचा ज्ञात ठिपका सोबत हवाच. त्याच्याशिवाय काढलेला फोटो पुरावा म्हणून स्वीकारू नका.

सातवी पायरी: नोंद

प्रत्येक जनुकासाठी वहीचं एक पान: सीडी क्रमांक, अधिकृत नाव, पट्टा, बेसचा आकडा आवृत्तीसह, जनुक कोणत्या दिशेने वाचलं जातं, पहिला पुरावा, दुसरा पुरावा, पाहिल्याची तारीख. आयटीजीबी२ च्या पानावर '२१क्यू२२.३, जीआरसीएच३८, उलट दिशेने. पुरावा एक संकर पेशी, पुरावा दोन जीनोम क्रम' असं येईल. संकर पेशी आणि फिश हेही दोन स्वतंत्र पुरावे झाले. एनसीबीआय आणि युसीएससी या दोन ठिकाणी तोच पत्ता दिसणं हे दोन पुरावे नव्हेत, दोघंही तोच जीनोम क्रम दाखवतात. दुसरा पुरावा मिळाला नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा आणि पट्ट्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा.

सरावाला सीडी४ पासून सुरुवात करा, १२पी१३ वर ते लगेच सापडतं. मग सीडी८ घ्या, त्याची दोन साखळ्यांची दोन जनुकं २व्या गुणसूत्रावर सेंट्रोमिअरजवळ एकमेकांलगत आहेत. त्यानंतर सीडी३ च्या डी आणि जी साखळ्या घ्या आणि ब्राउझरवर त्यांच्यामधलं अंतर मोजा, ते दोन हजार बेसपेक्षाही कमी भरेल. सीडी१५ आणि सीडी२४ मात्र तिसरी आणि पाचवी पायरी पुन्हा वाचल्यावरच हाती घ्या.